घाबरतो म्हणून अडखळतो?

मूल बोलताना अडखळायला लागलं की भोर-वेल्ह्याकडच्या घरांत निदान लगेच ठरतं. "भित्रं आहे पोरगं." कुणी म्हणतं, लहानपणी कशाला तरी दचकलं असेल. कुणी बापाच्या रागीट स्वभावाकडे बोट दाखवतं. शहरात हेच निदान जरा सुशिक्षित शब्दांत होतं, 'आत्मविश्वास कमी पडतो.' मग उपायही ठरलेला. चारचौघांत उभं करा, भाषणाला नाव द्या, भीड चेपली की जीभ आपोआप मोकळी होईल. जीभ मोकळी झाली की लाजही जाईल, असं त्यात धरूनच चाललेलं असतं.

या मताची साखळी तीन कड्यांची आहे. भीतीतून अडखळणं येतं, अडखळण्यातून लाज येते, म्हणून भीती घालवली की अडखळणं जातं आणि मागोमाग लाजही जाते. मला या तिन्ही कड्या खोट्या वाटतात. नुसत्या चुकीच्या असत्या तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण हे मत मुलाच्या जिभेतला दोष उचलून त्याच्या स्वभावात नेऊन ठेवतं, आणि पुढची कित्येक वर्षं ते मूल स्वतःला भित्रं समजत जगतं. म्हणून त्याचं खंडन नीट, मुद्दा धरून व्हायला हवं.

हे मत आमच्या भागात इतकं घट्ट का बसलं, ते आधी बघू. भोर ओलांडून नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने वरंधा घाटाकडे निघालं की हिर्डोशी लागतं. हा हिरडस मावळ. बांदलांचा आणि बाजीप्रभू देशपांड्यांचा मुलूख. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत जे लढले त्यांतले कितीतरी याच खोऱ्यातले. इथलं मूल ही नावं ऐकत वाढतं, आणि शिवजयंतीला शाळेच्या अंगणात भाषण करणं हा त्याच्या वर्षातला मोठा दिवस असतो. अशा ठिकाणी 'घाबरट' ही साधी चेष्टा राहत नाही. ज्याला हा शब्द चिकटला तो जणू मावळच्या वंशावळीतूनच बाद झाला. त्यात भर आपल्या एकूण मराठी वक्तृत्वप्रेमाची. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून व्यासपीठावर खणखणीत बोलणारा माणूस आपल्याला कर्तबगार वाटत आला आहे. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिच्या सावलीत एक उलटं अनुमानही रुजलं, की ज्याला बोलता येत नाही त्याच्यात काही दम नाही. या अनुमानाला कुणी कधी पुरावा मागितला नाही.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो दुबळा करून पाडण्यात अर्थ नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, 'हाच मुलगा सप्ताहात हरिपाठाला उभा राहिला की एकही अक्षर चुकत नाही. गुरांमागे एकटा असताना मोठमोठ्याने बोलतो, तेव्हा अडत नाही. पण गुरुजींनी विचारलं, तलाठ्यापुढे उभं केलं, की त त प प. जीभ तीच आहे ना? मग दोष जिभेत कसा? दोष मनात आहे, भीतीत आहे.' युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो आणि गावोगाव तोच ऐकू येतो. अडखळणाऱ्याला तर तो इतक्यांदा ऐकावा लागतो की अखेर त्यालाही तो पटतो.

पण हरिपाठाचं उदाहरण जरा जवळून बघा. देवळात समोर अख्खा गाव बसलेला असतो. तलाठ्याच्या टेबलापुढे एकटा तलाठी असतो. माणसांची भीती हे कारण असेल तर अडखळायला पाहिजे देवळात आणि सुटायला पाहिजे टेबलापाशी. घडतं नेमकं उलटं. कुणी म्हणेल, देवळात सगळे एका सुरात म्हणतात, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग जो अडखळणारा भजनात एकट्याने अभंग उचलतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात, त्याचं काय? तोही अडत नाही. जगभर हेच आढळतं. गाताना, तालावर बोलताना, दुसऱ्याबरोबर एकाच वेळी तोच मजकूर वाचताना बहुतेक अडखळणाऱ्यांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. याचं जे स्पष्टीकरण अभ्यासकांना सर्वांत पटतं ते असं, की नेहमीच्या बोलण्यात पुढच्या अक्षराची वेळ मेंदूला आतून, स्वतःच्या स्वतः साधावी लागते, आणि नेमकं तेच यंत्र अडखळणाऱ्यात नाजूक असतं. टाळ-मृदंगाचा ठेका किंवा शेजाऱ्याचा आवाज ही वेळ बाहेरून पुरवतो. हरिपाठात मुलाची भीती जात नाही, त्याला ठेका मिळतो.

एकट्याने बोलताना न अडण्याचं काय? हा मुद्दा खरा आहे, आणि त्याला अलीकडे शास्त्रीय दुजोराही मिळाला आहे. अमेरिकेत एरिक जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की आपलं बोलणं कुणी ऐकत नाही अशी माणसाची खात्री पटली की अडखळणारी प्रौढ माणसं अडखळत नाहीत. म्हणजे ऐकणारा असणं हा या घटनेचाच एक भाग आहे. पण 'ऐकणारा असणं' आणि 'ऐकणाऱ्याची भीती असणं' यांत फार अंतर आहे. माणूस दुसऱ्याशी बोलतो तेव्हा त्याची पाळी कधी येते, समोरच्याला काय कळलं, काय नाही, हे सगळं त्या क्षणी सांभाळावं लागतं, आणि त्यात वेळ साधण्याचं काम अवघड होतं. मुलं आईशी बोलताना अडखळतात. आजीच्या मांडीवर बसून गोष्ट सांगताना अडखळतात. आजीला कुठलं मूल भितं?

सुरुवात कधी होते तेही बघा. अडखळणं बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतं. मूल शब्दाला शब्द जोडून मोठाली वाक्यं करायला लागतं त्या दिवसांत. शेकडा ५ किंवा त्याहून थोडी जास्त मुलं कधी ना कधी या अवस्थेतून जातात आणि त्यांतली तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक पुढे आपोआप सावरतात. मोठेपणी शंभरात एखादा माणूस अडखळणारा राहतो, आणि त्यात पुरुष बायकांच्या सुमारे चौपट. अडखळणं कुटुंबात उतरतं. एकसारख्या जुळ्यांत दोघेही अडखळणारे निघण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त असतं. २०१० मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून जीएनपीटीएबी आणि त्याच्याशी संबंधित आणखी दोन जनुकांतले बदल दाखवले. ते सगळ्यांचं नव्हे, थोड्या लोकांच्याच अडखळण्याचं कारण आहेत. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जर्मन संशोधकांनी डाव्या मेंदूत बोलण्याचं काम करणाऱ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंतला फरक मांडला, आणि पुढे तसाच फरक लहान मुलांतही दिसला. अडीच वर्षांच्या मुलाला 'लोक काय म्हणतील' हे कळत नाही. त्याच्या अडखळण्याला लोकलज्जेचं कारण चिकटवणं म्हणजे आज पडलेल्या पावसाचं कारण उद्याच्या पुरात शोधणं.

इथे आपल्याच जुन्या विद्येची साक्ष काढावीशी वाटते. 'हे मेंदूबिंदूचं सगळं परदेशी खूळ आहे' असं म्हणणारेही भेटतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पहिल्याच अध्यायात वातव्याधी सांगितल्या आहेत. तिथे मूक, मिन्मिण (नाकात बोलणं) आणि गद्गद (अडखळत बोलणं) हे वाणीचे तीन विकार एकत्र येतात, आणि कारण दिलं आहे ते असं की कफासह वायू शब्द वाहणाऱ्या धमन्या अडवतो. आज या शरीरशास्त्राला कुणी धरून बसणार नाही. पण सुश्रुताने हा दोष कुठे ठेवला हे महत्त्वाचं. त्याने तो शरीरात ठेवला, धैर्यात नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मात्र मुकेपणा वाणी चोरल्याच्या पापाचं फळ म्हणून येतो. आपल्या परंपरेत दोन्ही वाटा होत्या, वैद्याची आणि पापपुण्याची. आपण दुसरी उचलली आणि तिच्यातल्या 'पापा'च्या जागी 'भित्रेपणा' घातला.

आता उपायांकडे. वेखंड उगाळून चाटवणं, शंखातलं पाणी पाजणं, पिंपळाच्या पानावर जेवायला वाढणं. आमच्याकडे हे सगळं आजही चालतं, आणि प्रत्येक उपायामागे 'आमच्या बारक्याला गुण आला' अशी खरीखुरी साक्ष असते. ती माणसं खोटं बोलत नाहीत. चार मुलांतली तीन आपोआप सावरतात म्हटल्यावर, त्या काळात जे कराल त्याला गुण येणारच. 'भाषणाला उभं करा' या उपायाची कीर्तीही याच हिशेबातून आली आहे. ज्यांचं अडखळणं जाणारच होतं त्यांच्या गोष्टी गावभर होतात. उरलेला एक मात्र, सगळे उपाय करूनही ज्याचं गेलं नाही, तो मनाशी म्हणतो की मीच कमी पडलो. उपायांचा हा छुपा खर्च तोच भरत राहतो.

इतकं पहिल्या कडीचं. पण मला खरा वाद घालायचा आहे तो दुसऱ्या कडीवर, की अडखळण्यातूनच लाज येते.

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन या नामवंत अभ्यासकाच्या देखरेखीखाली एक प्रयोग झाला. जॉन्सन स्वतः अडखळत असे. त्याचं म्हणणं असं की अडखळणं मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, ते आईबापांच्या कानात सुरू होतं. साधं चाचरणं त्यांना खटकतं, ते टोकतात, आणि त्यातून रोग उभा राहतो. हे पडताळायला मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातली २२ मुलं निवडली. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काहींना महिनोन्महिने सांगत राहिलं गेलं, की तू अडखळतोस, तुझं बोलणं बिघडतंय, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. प्रयोग क्रूर होता. तो दाबून ठेवला गेला, २००१ मध्ये एका वृत्तपत्राने बाहेर काढला, विद्यापीठाने माफी मागितली आणि पुढे आयोवा राज्याला भरपाई द्यावी लागली. या सगळ्याचा निषेध व्हायला हवा तेवढा झाला. पण त्यातून जे हाती लागलं त्याचा अर्थ मात्र नीट लावला जात नाही. निकॉलिन अँब्रोस आणि एहुड यायरी यांनी २००२ मध्ये ती जुनी टिपणं पुन्हा तपासली. ज्यांना 'तू अडखळतोस' असं पढवलं गेलं ती मुलं खऱ्या अर्थाने अडखळणारी झाली, याला त्यांना आधार सापडला नाही. पण ती मुलं गप्प झाली. बोलायला कचरू लागली, शब्द तोलू लागली.

म्हणजे काय? लाज शिकवता आली, अडखळणं शिकवता आलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची मुळं वेगळी आहेत, आणि एकीवाचून दुसरी राहू शकते. याची उलट बाजूही डोळ्यांपुढे आहे. १९५७ मध्ये केरळचे पहिले मुख्यमंत्री झालेले ई. एम. एस. नंबुद्रीपाद आयुष्यभर अडखळत बोलले. सभा, विधिमंडळ, पक्षाच्या बैठका, सगळीकडे तसेच. 'तुम्ही नेहमीच अडखळता का?' असं एकाने विचारलं तेव्हा 'नाही, फक्त बोलताना' असं त्यांनी उत्तर दिल्याचं सांगतात. तिथे अडखळणं पुरेपूर होतं, लाजेचा मागमूस नव्हता.

तिसरी कडी म्हणते, अडखळणं गेलं की लाज जाईल. हिचं खंडन मला माझ्या अनुभवातूनच करावंसं वाटतं. मी स्वतः अडखळतो. कंठातून निघणारा 'ह' मला सगळ्यांत जड जातो, आणि गाव हिर्डोशी. भोरच्या स्टँडवरून गाडी सुटली की कंडक्टर मागून पुढे येत असतो आणि मी गावाचं नाव मनात घोळवत असतो. तो पुढ्यात उभा राहतो, मशीनवर बोट ठेवून. "कुठं?" श्वास आत अडकलेला, ओठ उघडे, आवाज नाही. मागचा माणूस मान वाकडी करून बघतो. "कुठं जायचं?" आणि मी म्हणतो, "शिरगाव." पुढच्या गावाचं तिकीट, जादा पैसे, उतरायचं मात्र हिर्डोशीलाच. त्या गाडीत माझ्या तोंडून एकही अक्षर अडखळून गेलं नाही. बघणाऱ्याला मी अगदी नीट बोलणारा माणूस. आणि त्या नीट बोलण्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही.

ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. अडखळणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की ज्याचं अडखळणं त्याच्या बायकोलासुद्धा धड माहीत नसतं. शब्द बदलणं, वाक्य फिरवणं, आठवत नसल्याचं नाटक करणं, फोन दुसऱ्याकडे देणं, हॉटेलात जे खायचंय ते सोडून जे म्हणता येतं ते मागवणं, यात ही माणसं इतकी तरबेज असतात की जगाला ती अस्खलित वाटतात. फक्त स्वतःचं नाव बदलता येत नाही, म्हणून ओळख करून द्यायची वेळ आली की नेमकी तिथे अडतात. साखळी खरी असती तर सगळ्यांत कमी अडखळणाऱ्या या माणसांना सगळ्यांत कमी लाज वाटली असती. अभ्यासकांना आणि अडखळणाऱ्यांच्या गटांना दिसतं ते हे, की कितीदा अडखळतो यावरून आतला भार मोजता येत नाही, आणि लपवणाऱ्यांच्या डोक्यावर तो बहुधा अधिकच असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी म्हणूनच अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. कानाला ऐकू येतं ते वरचं टोक. भय, अपराधी भाव आणि लाज पाण्याखाली.

यशकथांनी या गोंधळात भर घातली आहे. हृतिक रोशन लहानपणी अडखळत असे, मेहनतीने त्यावर मात केली. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज लायनेल लोग यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकले आणि युद्धकाळात रेडिओवर बोलले. या माणसांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण या गोष्टी सांगितल्या जातात त्यांचा शेवट नेहमी अस्खलितपणावर होतो, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात एवढंच उरतं की मान मिळतो तो अडखळणं संपल्यावर. तोवर तो अर्धा माणूस. पडद्यावर दुसरं टोकही आहेच. 'डर' १९९३ मध्ये आला तेव्हापासून किती शाळांत किती मुलांना 'क-क-क किरण' ऐकावं लागलं असेल! एक तर वेडा खलनायक, नाहीतर बरा झालेला नायक. अडखळत अडखळत घर चालवणारा, शेत करणारा, मुलं वाढवणारा साधा माणूस कुठेच दिसत नाही, आणि प्रत्यक्षात आहोत ते आम्हीच जास्त.

मग लाज जाते कशाने? इथे खंडन संपतं आणि मंडनाची जबाबदारी येते.

लाज जाते ती उघडपणे अडखळल्याने. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण शीहान आणि त्यांच्याही आधी वाणीतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर, दोघेही स्वतः अडखळणारे, याच निष्कर्षाला आले. लपवण्याचा प्रत्येक प्रयत्न मेंदूला एकच धडा देतो, की हे इतकं भयंकर आहे की दिसता कामा नये. पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. व्हॅन रायपरनी मुद्दाम अडखळायला शिकवलं. दुकानात जायचं, ज्या शब्दावर अडत नाही त्या शब्दावर जाणूनबुजून अडायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, घाई न करता, 'सा-सा-साखर' म्हणायचं. पहिल्यांदा पाय लटपटतात. मग लक्षात येतं की वाण्याने साखर दिली, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. जग कोसळलं नाही. लाजेला जो पुरावा लागतो तो असा हातात येतो, आणि तो नुसत्या विचाराने किंवा 'मी शूर आहे' असं आरशापुढे म्हणून येत नाही.

पूर्वपक्ष इथे डोकं वर काढेल. 'म्हणजे भीती गेली की बोलणं सुधारतं, हेच तर आम्ही म्हणत होतो!' नाही. उघडपणे अडखळणाऱ्याचं बोलणं बहुधा हलकं होतं हे खरं. अडलेला शब्द जबरदस्तीने बाहेर ढकलण्यासाठी जे डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं जडलेलं असतं, ते गळून पडतं. पण मूळचं अडखळणं राहतं, आणि राहिलं तरी चालतं. हलकेपणा हा मागून आलेला लाभ आहे. त्यालाच ध्येय केलं की प्रत्येक अडखळणं पुन्हा अपयश ठरतं आणि लाज मागच्या दाराने घरात येते. 'पंधरा दिवसांत तोतरेपणा बरा' म्हणून भिंतीवर जाहिराती करणाऱ्या वर्गांतून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांच्या वाट्याला हेच आलं. वर्गात तालावर बोलले, घरी आले, महिन्याभरात जिभेने जुनी वाट धरली, आणि आता जुन्या लाजेवर फी वाया घालवल्याची नवी लाज बसली.

आपल्याकडे ही दुसरी दिशा ठामपणे मांडली ती डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी. ते स्वतः अडखळणारे डॉक्टर. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चे स्वमदत गट पुण्यामुंबईतही जमतात. तिथे कुणी कुणाला बरं करत नाही. एक जण नाव सांगायला लागतो, अडतो, आणि खोलीतले सगळे थांबतात. कुणी शब्द पुरवत नाही, नजर खाली घालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपला शब्द पूर्ण होईपर्यंत माणसं थांबलेली पाहिलेल्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते ज्याने पाहिलं त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

पण म्हणूनच आणखी एका मताशी माझं भांडण आहे. ते नवं आहे, चांगल्या हेतूचं आहे आणि सध्या फार बोललं जातं. 'स्वतःला स्वीकार, लोकांकडे लक्ष देऊ नकोस.' लाज जर माणसांनी शिकवली असेल, तर ती काढायची सगळी जबाबदारी एकट्या अडखळणाऱ्यावर का? वर्गातच बघा. हजेरीला 'हजर' म्हणता आलं नाही म्हणून गैरहजेरी लागलेली मुलं मला माहीत आहेत. त्याच्या उलट काही मायाळू शिक्षक 'त्याला विचारू नका रे' म्हणून त्या मुलाला वगळतात. दोन्हींतून मुलाला एकच गोष्ट कळते, की आपलं बोलणं जगाला परवडत नाही. शिक्षकाने एकांतात मुलालाच विचारावं, 'तुला कसं सोपं पडेल?' हात वर करणं चालेल का, तोंडी परीक्षेला जादा वेळ हवा का, की काहीच नको, नुसतं थांबलेलं हवं. घरातही तसंच. 'हळू बोल, श्वास घे, विचार करून बोल' या सल्ल्यात प्रेम असतं, पण मुलाला ऐकू येतं ते एवढंच, की तू काय सांगतोयस यापेक्षा कसं सांगतोयस ते आम्ही बघतोय. मुलाला हळू बोल सांगण्यापेक्षा मोठ्यांनी स्वतः सावकाश बोलावं. आणि जॉन्सनच्या मताने घाबरून जी घरं या विषयावर चकार शब्द काढत नाहीत, त्यांनीही तो शब्द घरात येऊ द्यावा. ज्याचं नावही काढायचं नाही ती गोष्ट लाजिरवाणीच असणार, असं अनुमान काढायला पाच वर्षांचं मूल पुरेसं हुशार असतं.

कायद्यातही ही वाट अर्धीच झाली आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत वाणी व भाषा दोषही आहे. पण व्याख्येत उदाहरणं येतात ती स्वरयंत्र काढल्याची आणि मेंदूच्या आघाताने भाषा गेल्याची. अडखळण्याचा उल्लेख नाही. मात्र १५ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिलेला निकाल आमच्याही उपयोगाचा आहे. त्याचा वाणीदोष वेगळा होता, अडखळणं नव्हे. दोष ४० टक्क्यांवर भरला म्हणून त्याला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं की नुसत्या टक्क्यावरून कुणाला बाद करता येणार नाही, तो अभ्यासक्रम करू शकेल का हे प्रत्यक्ष तपासावं लागेल. 'बोलता येत नाही म्हणजे जमणार नाही' हे अनुमान आता निदान कोर्टात तरी पुराव्याशिवाय टिकणार नाही.

शेवटचा आक्षेप राहिला. 'मग उपचार नकोतच का?' हवेत, आणि लवकर हवेत. पाच वर्षांच्या आत वाणीतज्ज्ञाची मदत मिळाली तर खरोखर फरक पडतो. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या लिडकम पद्धतीत आईबाप रोज थोडा वेळ, तज्ज्ञाने शिकवल्याप्रमाणे, मुलाच्या मोकळ्या बोलण्याचं कौतुक करतात. पण हिर्डोशीच्या आईने तज्ज्ञ गाठायचा म्हणजे भोरवरून पुणं, एक दिवसाची मजुरी बुडवून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. त्यांच्या व्याधींच्या यादीत भाषाविलंब आहे, श्रवणदोष आहे, अडखळणं नाही. यादी बदलायला वेळ लागेल आणि त्यासाठी भांडावं लागेल. तोवर एक करता येईल. पथक अंगणवाडीत आलं की 'पोरगं बोलताना अडखळतंय' हे आईने स्वतःहून, मुलादेखत, सर्दी-खोकला सांगावा तसं सांगावं, आणि रकाना नसला तरी कागदावर लिहून घ्यायला लावावं. मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी तपासायला पाठवण्याची चिठ्ठी त्याच कागदावरून मिळवता येईल.